रॉस बेटावर रंगराव

रॉस बेटावर साहेबांसाठी पाव भाजला जायचा त्या इमारतीच्या भिंती अजून उभ्या आहेत. छप्पर गेलंय, दारं-खिडक्या गेल्यात, आणि विटांच्या सांध्यांतून झाडांची मुळं इतकी खोल उतरलीत की भिंतीनं मुळाला सावरलंय का मुळानं भिंतीला, हे ठरवता येत नाही. थोडं पुढं छापखाना. फर्जंद अलीचं दुकान. चढावर चर्च, अधिकाऱ्यांचा क्लब, टेनिसचं मैदान, पोहायचा तलाव, दवाखाना, बराकी; आणि उंचावर चीफ कमिशनरचा बंगला. सावकाश चाललं तरी दोन-अडीच तासांत अख्खं बेट पायाखालून जातं. एवढ्याशा जमिनीवरून 1858 ते 1941 या काळात अंदमानच्या सगळ्या कैदी वसाहतीचा कारभार चालायचा. पूर्वेकडचं पॅरिस म्हणायचे या बेटाला.

आता इथं गाव असं काही नाही. नौदलाची चौकी आहे, 1979 पासून बेट त्यांच्या ताब्यात आहे. चितळं आहेत, मोर आहेत, ससे आहेत. इंग्रजांनी हौसेनं आणून सोडलेल्या हरणांची पिल्लावळ माणसांना भीत नाही. नारळ सरळ वर गेलेत. आणि सगळीकडं ती मुळं. वडाच्या कुळातल्या झाडांची मुळं, जाड, करडी, भिंतींवरून ओघळत खाली आलेली.

पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं, रॉस बेटाचं त्याआधी, 30 डिसेंबर 2018 रोजी, नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. नवी नावं योग्यच आहेत. पण मला ज्यांच्याविषयी लिहायचंय ते लोक रॉस बेटाच्या काळातले, म्हणून इथं जुनंच नाव येईल.

मी उदगीरची. पडक्या वास्तूंची सवय आम्हांला लहानपणापासून असते. मराठवाड्यातल्या गावात शिरलं की आधी गढी दिसते, आणि बहुतेक गढ्या ढासळलेल्या. त्यांची पांढरी माती पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी माळवदावर नेऊन टाकली. गढीचा मालक कोण होता ते विस्मरणात गेलं तरी त्याची माती गावाच्या डोक्यावर राहिली. उदगीरचा किल्ला तर अंगणातला. खंदक, बुरूज, फारसी शिलालेख, उदगीरबाबांची समाधी. 3 फेब्रुवारी 1760 या दिवशी सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं नमवलं, आणि वर्ष उलटायच्या आत तीच फौज पानिपतावर कापली गेली. आमच्या गावात विजयाची आठवण अशी निघते की तिच्यामागं पानिपत चालत येतंच. किल्ल्याच्या तटात पिंपळ उगवलेले असायचे. ते कोणी काढायचं नाही, पिंपळाला हात लावायचा नाही, मग पिंपळ वाढायचा आणि तट फुटायचा.

आणि एक पडझड आम्ही डोळ्यांनी पाहिलेली. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट, गणपती बोळवून माणसं झोपलेली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं. माती-दगडाच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद; उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर माणसांवर बसलं. 52 गावं पूर्ण नव्या जागी वसवली गेली. जुन्या गावठाणांत मग बाभळी आणि एरंड माजले, उंबरे तेवढे राहिले. म्हणून पडकं घर पाहून मला नुसतं सुंदर वाटत नाही. हे कसं पडलं, आत कोण होतं, हे प्रश्न आधी येतात.

रॉसवरही तेच झालं. बोटीतून सगळे उतरले आणि मुळांपाशी फोटो काढू लागले. त्यांची चूक काहीच नाही. जागा आहेच तशी. हिरव्या अंधारातून मध्येच निळा समुद्र चमकतो, चर्चच्या उघड्या कमानीतून आभाळ दिसतं, वारा खारट आणि ओला. सौंदर्य नाकारून कसं चालेल? पण मी त्या विटांकडं पाहत राहिले. ही वीट इथपर्यंत डोक्यावरून कोणी वाहिली?

इंग्रज इथं पहिल्यांदा आले ते 1789 मध्ये. आर्चिबाल्ड ब्लेअरनं चॅथम बेटावर वसाहत उभी केली, ती पुढं उत्तरेकडं हलवली, आणि रोगराईनं माणसं इतकी मरू लागली की 1796 मध्ये सगळं सोडून ते निघून गेले. साठ वर्षं जंगल पुन्हा आपल्या जागी आलं. मग 1857. उठाव मोडला, आणि फाशी देऊन उरलेल्या माणसांचं काय करायचं हा प्रश्न सरकारपुढं आला. हिंदुस्थानातल्या तुरुंगांत त्यांना ठेवणं धोक्याचं, कारण ते इतरांना चेतवतील. समुद्रापलीकडं नेऊन टाकायचं ठरलं. 10 मार्च 1858 रोजी जेम्स पॅटिसन वॉकर हा डॉक्टर दोनशे कैदी घेऊन अंदमानात उतरला. आग्र्याचा तुरुंग सांभाळलेला माणूस. आधी चॅथमवर मुक्काम केला, तिथं पाणी पुरेना. मग बंदराच्या तोंडावरचं हे रॉस बेट निवडलं. बंदरात येणारं-जाणारं प्रत्येक गलबत इथून दिसतं.

तेव्हा हे बेट म्हणजे किर्र जंगल. वेलींनी एकमेकांत गुंतलेलं, वरून अखंड पाऊस, खाली जळवा. ते तोडायला लावलं ते त्या कैद्यांना. पायांत बेड्या आणि हातात कुऱ्हाड. पळून जाणारे पळाले. काहींना वाटलं पलीकडं ब्रह्मदेश जमिनीनं जोडलेला असेल. जंगलात भुकेनं मेले, तिथल्या मूळ रहिवाशांच्या बाणांनी मेले, उरलेले परत आले. परत आलेल्या ऐंशीहून अधिक जणांना वॉकरनं फासावर चढवलं, तेही वसाहत सुरू होऊन तीन महिने व्हायच्या आत. वरच्या सरकारला सुद्धा हे फार झालं असं वाटलं, आणि अशा फाश्या देऊ नका म्हणून त्याला बजावावं लागलं. ज्या जमिनीवर पुढं टेनिस खेळलं गेलं ती जमीन अशी मोकळी झाली.

आणि या माणसांत आमचा एक माणूस होता.

रंगराव पागे. पेशानं पटवारी. आमचा सगळा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. उदगीर बीदरकडं पाहणारं. देगलूरच्या पलीकडं कौलासचा किल्ला, तिथं राजा दीपसिंग. हैदराबादेत 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी इंग्रजांच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला, तो फसला, आणि निजाम इंग्रजांच्या बाजूनं राहिला. दख्खन शांत राहिलं असं मग पुस्तकांत लिहिलं गेलं. पण शांत कुठं होतं? रंगराव उत्तरेकडं जाऊन नानासाहेब पेशव्यांचा संदेश घेऊन आले होते. दीपसिंगाशी, सफदरुद्दौला या उमरावांशी, गावोगावच्या माणसांशी त्यांची बोलणी चालली होती. उत्तरेतला उठाव विझत आलेला असताना हे इकडं नवी ठिणगी पाडायला निघाले होते. 1859 च्या एप्रिलमध्ये पकडले गेले. राजाला कैद झाली. रंगरावांना फाशीची शिक्षा झाली, मग ती बदलून जन्मठेप काळं पाणी. 1860 मध्ये ते अंदमानातच वारले.

मराठवाड्याच्या शाळांत शिकलेल्या किती जणांना हे नाव माहीत असेल? हैदराबाद मुक्तिसंग्राम आम्ही दरवर्षी 17 सप्टेंबरला आठवतो, झेंडा लावतो, ते करायलाच पाहिजे. पण त्याच्या नव्वद वर्षं आधी याच मातीतला एक पटवारी निजाम आणि इंग्रज दोघांच्या विरोधात उभा राहिला आणि समुद्रापार जाऊन मेला, हे आमच्या भाषणांत येत नाही. मला याचं वाईट वाटतं, अजून वाटतं.

अंदमानला येणारा मराठी माणूस सेल्युलर जेलमध्ये जातो. सावरकरांच्या कोठडीपुढं उभा राहतो, अनेकांचे डोळे भरून येतात. विनायकराव 4 जुलै 1911 रोजी इथं आले. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासून तिथंच होते आणि दोघां भावांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. मीही त्या कोठडीपुढं उभी राहिले. पण सेल्युलर जेल 1896 ला बांधायला घेतलं, 1906 ला पुरं झालं. त्याच्या आधीची जवळजवळ चाळीस वर्षं? तेव्हा कोठड्या नव्हत्या, सगळं बेटच कोठडी होतं. गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर नंबर. त्या काळात आलेल्यांपैकी फार थोड्यांनी आठवणी लिहिल्या, बहुतेकांच्या हाती कागदही नव्हता. मौलवी अलाउद्दीनही हैदराबादेहून इथंच आले आणि इथंच संपले. मौलाना फजले हक खैराबादी 1861 मध्ये इथंच वारले. त्यांची निदान मजार आहे, लोक तिथं फुलं वाहतात. जेलच्या गच्चीवरून समोर पाण्यात रॉस बेट दिसतं. तिथं उभं राहून मला वाटलं, आपण ज्या इतिहासाला इथला इतिहास म्हणतो त्याची सुरुवात त्या हिरव्या ठिपक्यावर आहे आणि आपण तिथं जाऊन मुळांचे फोटो काढतो.

बंगल्याकडं जाणारा चढ धाप लावतो. चर्चच्या खिडक्यांच्या चौकटींना ब्रह्मदेशातला साग वापरला होता. वेदीमागच्या रंगीत काचा इटलीहून आल्या असं सांगतात. आता साग नाही, काच नाही; भूकंपानंतर आणि युद्धानंतर जे उचलता आलं ते लोकांनी उचलून नेलं, तेही बरोबरच केलं म्हणायचं. पाणी गाळून गोडं करायच्या यंत्राची इमारतही आहे. तिच्यापुढं मी बराच वेळ थांबले. लातूर जिल्ह्यातल्या माणसाचं लक्ष पाण्याच्या जागेवर जातंच. आमच्या लातूरला 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आलं होतं. घागरीची रांग काय असते ते मला कोणी सांगायला नको. इथं चहूबाजूंनी समुद्र, वरून महिनोन्‌महिने पाऊस, तरीही प्यायच्या पाण्याची अशी तजवीज करावी लागली. क्लबात गोडं पाणी भरलं जात होतं तेव्हा जंगलात लाकूड ओढणाऱ्याच्या वाट्याला काय येत होतं, हा विचार तिथून हलू देत नव्हता.

मग दफनभूमी. इथं माझं मन थोडं बदललं, आणि ते सांगितलं पाहिजे. साहेबांच्या कबरी आहेत, त्यांच्यात तान्ह्या लेकरांच्याही आहेत. तापानं, हगवणीनं गेलेली लेकरं. आईबापांनी दगडावर नाव कोरलं, तारीख कोरली. हजारो कोसांवरून आलेल्या त्या बाईनं इथल्या मातीत लेकरू ठेवलं आणि पुढच्या बदलीच्या हुकमाबरोबर ती निघून गेली असेल. त्या दगडापुढं राग टिकत नाही. दुःखाला राज्यकर्ता आणि कैदी असा भेद नसतो, हे मी मानते. तरी एक भेद तिथं स्पष्ट दिसतो. त्या लेकराला दगड मिळाला. रंगरावांना नाही. त्यांच्या बरोबरच्या शेकड्यांना नाही. कोणी कुठल्या खड्ड्यात गेलं, कोणाला समुद्रात सोडलं, त्या जागेवर आता कुठलं झाड आहे, हे सांगणारी एक खूणसुद्धा नाही. ज्यांच्यासाठी बेट बांधलं त्यांची नावं दगडावर, ज्यांनी बांधलं त्यांच्या नावाचा एक चिरा नाही.

आणि ज्यांचं हे बेट मुळात होतं, त्यांना तर कबरही नको होती, फक्त आपलं रान आणि आपला किनारा हवा होता.

अंदमानचे मूळ रहिवासी, ज्यांना नंतर ग्रेट अंदमानी म्हटलं गेलं, ते गप्प बसले नव्हते. 17 मे 1859 रोजी त्यांनी समोरच्या किनाऱ्यावरच्या अबर्डीनवर चाल केली, धनुष्यबाण घेऊन, बंदुका आणि जहाजावरच्या तोफांविरुद्ध. दूधनाथ तिवारी नावाचा कैदी पळून जाऊन त्यांच्यात वर्षभर राहिला होता, त्यानंच येऊन इंग्रजांना आधी खबर दिली. त्या लढाईचं स्मारक आज बोटींच्या धक्क्याजवळच आहे. रॉसचं तिकीट काढायला माणसं त्याच्या शेजारून जातात.

लढाई हरल्यावर जे झालं ते लढाईपेक्षा भयंकर. 1863 मध्ये याच रॉस बेटावर ‘अंदमान होम’ निघालं. पाद्री हेन्री कॉर्बिन यांनी ते चालवलं. या माणसांना घर द्यायचं, कपडे द्यायचे, आपल्या रीती शिकवायच्या, हा हेतू. बंद खोल्यांत, परक्या माणसांत, परक्या कपड्यांत त्यांना रोग लागले. न्यूमोनिया, उपदंश, आणि 1877 ची गोवराची साथ. हजारोंच्या संख्येनं असलेल्या जमाती पन्नास वर्षांत मूठभर झाल्या. आज ग्रेट अंदमानी म्हणवणारे सगळे मिळून पन्नासेक असतील. त्यांच्यातल्या ‘बो’ या भाषेच्या शेवटच्या जाणकार, बोआ सिनियर नावाच्या आजी, जानेवारी 2010 मध्ये वारल्या. 2004 ची त्सुनामी त्यांनी झाडावर चढून पाहिली होती. शेवटची कित्येक वर्षं त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं कोणी उरलं नव्हतं.

आमच्याकडं म्हातारी माणसं संध्याकाळी ओट्यावर बसली की आल्या-गेल्याला हटकतात. कुठं चाललीस गं, कोणाची तू. उत्तर ऐकायचंच असतं असं नाही, आपलं बोलणं कोणाच्या तरी कानावर पडावं एवढंच असतं. त्या आजीला तेवढंही मिळालं नाही. ती पक्ष्यांशी बोलायची असं तिच्याविषयी सांगतात. जंगलातले पक्षी आपल्या पूर्वजांची भाषा जाणतात असा तिच्या लोकांचा समज होता.

रॉसवर हिंडताना मला रंगराव आणि ही आजी या दोन माणसांची सोबत होती, म्हणूनच ते पडकं चर्च आणि तो पडका क्लब यांच्यासाठी शोक करणं मला जमलं नाही. इमारती पडतात. त्यांचं पडणं सुंदरही दिसतं. एका भाषेचं पडणं दिसत नाही, त्याच्यावर मुळं चढत नाहीत, तिथं बोट लागत नाही.

पुढचं सगळं वेगानं घडलं. 26 जून 1941 रोजी मोठा भूकंप झाला, बेटावरच्या इमारतींना तडे गेले आणि मुख्यालय समोरच्या किनाऱ्यावर हलायला लागलं. 23 मार्च 1942 रोजी जपानी उतरले. आझादीचं नाव घेत आलेल्या या नव्या मालकांनी बेटांवर जो छळ केला त्याच्या कहाण्या जुन्या रहिवाशांच्या घरांत अजून सांगितल्या जातात. नेताजी 29 डिसेंबर 1943 ला इथं आले, दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकला. देशाच्या इतिहासातला तो उजळ दिवस. त्याच दिवशी सेल्युलर जेलच्या आत डॉक्टर दीवान सिंग, पंजाबी कवी, जपान्यांच्या छळाखाली मरणाला टेकलेले होते. 14 जानेवारी 1944 ला ते गेले. झेंडा आणि ती कोठडी यांच्यात चालत जाण्याएवढंच अंतर आहे. एका बेटाच्या वाट्याला हे दोन्ही एकाच वेळी यावं, याचा अर्थ मला लावता येत नाही आणि लावावासाही वाटत नाही. रॉसच्या किनाऱ्यावर जपान्यांचे बंकर आहेत. एवढं उग्र झाडोरं, पण काँक्रीटला ते अजून फोडू शकलेलं नाही.

26 डिसेंबर 2004 ला लाटा आल्या तेव्हा त्यांचा मार या बेटानं आपल्या अंगावर घेतला आणि मागचं शहर बऱ्याच अंशी वाचलं असं तिथले लोक सांगतात. बोटीवरचा नावाडी हे सांगताना बेटाकडं पाहत नव्हता, पाण्याकडं पाहत होता. मग त्यानं आपलं घराणं सांगितलं. पणजोबा उत्तरेकडचे, पणजी दक्षिणेकडची, दोघंही शिक्षा होऊन आलेले, दहा-बारा वर्षं भोगून जमिनीचा तुकडा मिळाला, तिथंच लग्न झालं. इथं अशा कुटुंबांना ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. जात विचारायची सोय राहिली नाही, कारण काळं पाणी ओलांडलं तेव्हाच ती बुडाली असं गावाकडच्यांनी ठरवून टाकलं होतं. सगळ्यांची मिळून एक हिंदुस्थानी बोली झाली. मराठी घरंही त्यांत मिसळली. तुमचं गाव कुठलं, त्यानं विचारलं. उदगीर म्हटल्यावर त्याला कळेना. हैदराबादच्या अलीकडं, म्हटलं. “मग तुमच्याकडचे पण आले असतील,” तो म्हणाला. एवढं साधं. आले असतील. मी म्हटलं, आले होते, एकाचं नाव माहीत आहे. आणि त्या बोटीत, इंजिनच्या आवाजात, मी त्याला रंगरावांची सगळी गोष्ट सांगितली. तो ऐकत होता. त्यानं नाव पुन्हा विचारून घेतलं. त्याच्या तोंडी ते ‘रंगाराव’ झालं.

रंगराव, तुम्ही पटवारी होता. कोणाचं रान कुठून कुठपर्यंत, बांध कुठं सरकला, विहीर कोणाच्या वाट्याची, हे तुमच्या दप्तरात असायचं. मोडी वळणाचं ते लिखाण आता वाचणारे फार थोडे उरलेत, पण काही पोरं पुन्हा शिकतायत. तुमच्या मागं मुलखाचं काय झालं ते तुम्हांला कोणी कळवलं नसणार, म्हणून कळवते.

तुम्ही गेलात त्यानंतरही निजाम राहिला, अठ्ठ्याऐंशी वर्षं. शेवटी शेवटी रझाकारांनी गावं जाळली, माणसं रानात लपून राहिली, बायकांनी विहिरी जवळ केल्या. 17 सप्टेंबर 1948 ला राज्य संपलं. इंग्रज त्याच्या वर्षभर आधीच गेले होते. ज्यांनी तुम्हांला पाठवलं ते दोघंही आता नाहीत. 1956 मध्ये भाषेप्रमाणं राज्यांच्या हद्दी नव्यानं आखल्या. तुम्ही असता तर या मोजणीवर तुमचं लक्ष असतं. आपला बीदर जिल्हा फुटला. बीदर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, उदगीर तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात आलं, आणि तुमचं कौलास आंध्रात. आता ते तेलंगणात, कामारेड्डी जिल्ह्यात आहे. तुमची मसलत ज्या गावांत फिरली त्यांच्यामधून आता राज्यांची सीमा जाते. माणसं मात्र अजून तिन्हीकडं सोयरिकी करतात, आणि बाजाराला आलेली बाई एका वाक्यात मराठी, कानडी, तेलुगू, दख्खनी सगळं बोलून जाते.

पटवारी हे पद पुढं तलाठी झालं. सात-बाराचा उतारा यंत्रावर निघतो. बांधावरची भांडणं मात्र तुमच्या वेळी होती तशीच आहेत. देवणीची गाय-बैलं अजून नावाजलेली, पण दावणी रिकाम्या होत चालल्यात. तूर आहे, उदगीरला डाळीच्या गिरण्या आहेत. ज्वारी कमी झाली. तुमच्या पाहणीत कधी न लिहिलेलं एक पीक आलंय, सोयाबीन, आणि पावसाळ्यात लातूरपासून देगलूरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना तेच दिसतं. भाव कधी मिळतो, कधी मिळत नाही. त्यावरून माणसं जीव देतात, रंगराव, हेही तुम्हांला सांगितलंच पाहिजे. सारा वसूल करायला येणारा साहेब गेला तरी रानात राबणाऱ्याची रात्र चिंतेचीच राहिली.

तुमच्या नावाचा दगड रॉसवर उभारावा असं मला आधी वाटत होतं. आता वाटतं तो इकडं हवा, कौलासला किंवा उदगीरला, जिथं शाळेची पोरं येता-जाता वाचतील. त्यासाठी अर्ज लिहिते आहे. अर्जात तुमचा पेशा पटवारी असाच लिहिलाय, हुद्दा वाढवलेला नाही.